उतरता खांदा

ओलं फडकं बाजूला करून शिल्पकार बाई मागे सरल्या. माझा मुलगा समोर होता, कमरेपर्यंतचा, मातीचा. नाक त्याचंच. हनुवटी त्याचीच. लहानपणी उंबरठ्यावर आपटून भुवईला पडलेली खोकसुद्धा बाईंनी सोडली नव्हती. आणि तरी तो माझा मुलगा नव्हता.

मी मान हलवली. नाही.

"काकूंना भरून आलं," पुतळा समितीचे अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. "साहजिकच आहे."

मी पुन्हा मान हलवली, आणि बोटाने पुतळ्याचा उजवा खांदा दाखवला. अध्यक्षांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

सकाळ होती, आणि सकाळी मी बोलत नाही. माझा जुना नेम आहे तो. उठून देवापुढे दिवा लावला की सूर्य माथ्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न होऊन या घरी आले तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "सून अर्धा दिवस मुकी असते. लोकांना एवढं नशीब कुठलं?" पुढे घराला सवय झाली. प्रत्येक गोष्टीची खूण ठरली. चहाची, पाण्याची, दाराशी गिऱ्हाईक आलंय याची, आणि 'पुरे आता' याचीही. ही शेवटची खूण मास्तरांना कधीच नीट कळली नाही.

मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेतले मास्तर नव्हेत, टेलर मास्तर. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. ते कापतात, मी शिवते. सगळेच त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मुलाला हाक मारायचीही खूण होती. टाळी वाजवायची, आणि तो वळला की आपला उजवा खांदा जरासा खाली पाडायचा. कारण त्याचा उजवा खांदा जन्मापासून उतरता होता. खेळताना सदरा काढला की शाळेतली पोरं त्याला 'तराजू' म्हणायची. तो चिडायचा नाही. "काय तोलायचंय ते आणा," म्हणायचा. पुढे गल्लीत त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

चिडायचे ते मास्तर.

उतरता खांदा ही आमच्या धंद्यात काही मोठी गोष्ट नव्हे. दर चार-पाच गिऱ्हाइकांत एकाचा असतोच. उतरत्या बाजूला अस्तराखाली कापसाचं पॅड घालायचं, दुसऱ्या बाजूला नुसतं कॅनव्हास, आणि वरून अशी इस्त्री फिरवायची की आरशासमोर गिऱ्हाईक सरळ दिसलं पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगायचंसुद्धा नाही. मुलगा शाळेत जायला लागला तशी मास्तरांनी मला सांगितलं, याच्या प्रत्येक कपड्यात पॅड घाल. मी घालत आले. शाळेचा सदरा, कॉलेजचा कोट, आणि तो सैन्यात गेल्यावर पहिल्या सुट्टीला आला तेव्हा त्याचा गणवेशसुद्धा. फोटो काढायचा होता ना. रात्रीत उसवून, पॅड घालून, सकाळी जसाच्या तसा शिवून दिला. फोटोग्राफर म्हणाला, "वा, काय रुबाब आहे!" मास्तरांनी फोटोच्या आणखी प्रती काढून घेतल्या.

पुतळ्यासाठी शिल्पकार बाईंनी फोटो मागितला, आणि अंगावरचा एखादा कपडा. समितीने तो फोटो दिला. मास्तरांनी तो कॉलेजचा कोट दिला.

असं झालं होतं.

मध्यान्ह झाली तशी मी पुन्हा बाईंच्या शेडमध्ये गेले. बाई एकट्याच होत्या. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, केसात पेन्सिल खोचलेली, आणि डब्यातलं जेवण खुर्चीवर तसंच.

"काकू, या. सकाळी तुम्ही काहीतरी सांगत होतात."

"खांदा खाली हवा."

"कुठला?"

"उजवा. तो असा नव्हता. उतरता होता."

त्यांनी भिंतीवर टाचलेला फोटो बघितला, मग लाकडी पुतळ्यावर चढवलेला कोट. "काकू, माझ्याकडे हे दोनच साक्षीदार आहेत. दोघंही सरळ सांगतात."

"दोघंही खोटं बोलतात," मी म्हटलं. "मीच शिकवलंय त्यांना."

मी कोट उतरवून घेतला, उलटा केला आणि अस्तरावरून त्यांचा हात फिरवला. उजवीकडे जाड, डावीकडे पातळ. त्या खाली बसल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या.

"म्हणजे मी इतके दिवस तुमच्या कापसाचा पुतळा घडवतेय?"

"हो बाई."

"अहो, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आज पहिल्यांदा दाखवलात."

त्यांनी मातीच्या खांद्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माती कापायची तार उचलतील आणि खांदा उतरवतील. पण त्या म्हणाल्या, "परवा सकाळी प्लास्टरचा साचा घ्यायचाय. साचा झाला की तो थेट ओतकामाला जाईल. मग त्यात फरक करता येणार नाही. त्याआधी खांदा खाली आणणं माझ्या हातात आहे, पण समितीने हा पास केलाय. वडिलांनीही केलाय. तुमच्या एकटीच्या शब्दावर मी हात लावला आणि उद्या मास्तर म्हणाले, पोरगा सरळ होता, तर? आणि दुसरं म्हणजे, किती उतरवू? असा खांदा मानेपासून उतरतो, छातीही त्याच्याबरोबर फिरते. मला तो बघायला हवा, काकू. ऐकून घडवता येत नाही."

"आणते," मी म्हटलं.

काय आणणार होते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही.

तिथून मी अध्यक्षांकडे गेले. त्यांचं नळ आणि पाइपांचं दुकान आहे. मला बघून त्यांनी स्वतः स्टूल पुसलं. माणूस वाईट नाही. आमच्या मुलाची बातमी आली तेव्हा आठवडाभर आमच्यासाठी डबा त्यांच्या घरून येत होता.

"काकू, तो चौकात उभा राहणार," ते समजुतीने म्हणाले. "शाळेतली मुलं येता-जाता बघणार. सैनिक म्हटला की छाती पुढे, खांदे ताठ. तुम्ही आई आहात, तुम्हाला त्याचं व्यंग आठवतं. पण लोकांना..."

"व्यंग नाही हो ते. खांदा आहे."

"बरं, खांदा. पण लोक काय म्हणतील? शिल्पकाराचा हात वाकडा."

"म्हणू देत."

"मी मास्तरांना काल संध्याकाळीच पुतळा दाखवला काकू. म्हणाले, आहे तसा उत्तम आहे. आता वडीलच असं म्हणाल्यावर..." त्यांनी हात पसरले. एक गिऱ्हाईक वॉशर मागत उभं होतं. मी उठले.

आमच्या मुलाचा एक सोबती मध्यंतरी घरी येऊन गेला होता. सोबत मुलाची पेटी घेऊन आला होता. लाजरा पोरगा. चहाची बशी हातात धरून, चहा न पिता बराच वेळ बसला. युद्धाचं फार बोलला नाही. वर चौकीवर पाण्याचे डबे पोचवून खाली येताना आमचा मुलगा गेला, एवढंच सांगितलं. निघताना दारात थांबला आणि म्हणाला, "आई, तिथे सगळे सारखेच दिसतात हो. टोप घातला, तोंडाला फडकं बांधलं की कोण कुठला कळत नाही. पण हा दुरून येताना दिसला की आम्ही म्हणायचो, आला आपला पाणीवाला. खांद्यावरून कळायचं."

मास्तर तेव्हा दुकानात इस्त्री करत होते. ऐकू गेलं की नाही, मी विचारलं नाही.

पेटी मी एकटीने उघडली. कपडे, साबण, दाढीचं सामान, आणि तळाशी एक मळकट कापडी गोळा. त्यात दोन सुया खोचलेल्या, खाकी दोऱ्यासकट. मी तो उलटासुलटा केला आणि माझेच टाके मला दिसले. गणवेशात घातलेलं माझं पॅड होतं ते. पोराने तिथे गेल्यावर उसवून काढलं होतं आणि सुया खोचायला वापरलं होतं. शिंप्याचा मुलगा. टाकून देववलं नसेल.

अध्यक्षांकडून आले त्या संध्याकाळी मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मास्तरांसमोर उभी राहिले. ते मेजावर कापड पसरून खडूने रेघ ओढत होते.

"अहो, तो खांदा सरळ आहे, असं तुम्ही सांगितलंत?"

"छान झालाय पुतळा."

"छान झालाय. कुणाचा?"

खडू थांबला. "तुला काय हवंय? गावाने त्याच्याकडे बघून हसावं?"

"हसले तर त्याच्याकडे बघून तरी हसतील. आत्ता भलत्याच कुणाकडे बघून रडणार आहेत."

"हे बघ, जन्मभर मी त्याला त्या पोरांच्या तोंडापासून वाचवला. आता गेल्यावर पुन्हा चौकात तराजू करून उभा करू?"

"त्याला कधी लागलं नाही ते. तुम्हाला लागलं."

हे मी बोलायला नको होतं असं नाही, पण बोलल्यावर मास्तरांनी खडू खाली ठेवला. कारण पुढचं आम्हा दोघांनाच माहीत होतं. मास्तरांचा उजवा खांदाही तसाच आहे. तसाच, अगदी त्याच ठिकाणाहून उतरलेला. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांचा सदरा धुवायला घेतला तेव्हा कापसाची गाठ माझ्या हाताला लागली होती. आजपर्यंत त्यांच्या प्रत्येक सदऱ्यात, प्रत्येक कोटात मी पॅड घालत आलेय. दारात भाजी घ्यायलासुद्धा ते बिनपॅडाचे गेलेले नाहीत. गावाला मास्तर ताठ माहीत आहेत. वाकड्या शिंप्याकडे सरळ कोट कोण शिवायला टाकेल, असं त्यांचं म्हणणं. यात अगदीच तथ्य नाही, असंही मी म्हणणार नाही.

"बाईंना तो खांदा बघायला हवाय," मी म्हटलं. "आता तो जगात एकाच माणसाकडे आहे."

"माझ्या कोटाचं नाव काढायचं नाही."

मी तो सुया खोचलेला गोळा त्यांच्या खडूच्या रेघेवर ठेवला.

"हे काय?"

"त्याच्या पेटीत होतं."

त्यांनी हात लावला नाही. नुसतं बघत राहिले. माझे टाके त्यांना ओळखू येणार नाहीत तर कुणाला? नंतर त्यांनी गोळा अलगद बाजूला सरकवला, कात्री उचलली आणि कापायला लागले. मी बघत होते. कात्री रेघ सोडून आत गेली. एवढ्या वर्षांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही कळलं. त्यांनी कापड घडी करून ठेवून दिलं आणि दिवा मालवला. पुढचा सगळा दिवस दोघंही कामापुरतं बोललो.

साच्याच्या दिवशी मी नेहमीसारखी उठले, अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. रोज मी मागत काही नाही, नुसती हात जोडून बसते. त्या दिवशी मनातल्या मनात सांगून टाकलं: आज कदाचित मी बोलेन. तुला रागवायचं असेल तर रागव, पण आज बोलेन.

सोपं नव्हतं ते. मुलगा शेवटचा गेला तो सकाळीच. गाडी सकाळची होती. बूट घालून दारात उभा राहिला, आणि मला इतकं काही सांगायचं होतं की ओठ थरथरायला लागले. त्याने माझ्या तोंडावर बोट ठेवलं. "आई, बोलायचं नाही. नेम मोडायचा नाही. मी येईन तो दुपारीच येईन, म्हणजे पोटभर बोलू." मग मी टाळी वाजवली आणि खांदा पाडला. त्याने वळून आपला पाडून दाखवला. तो काही पाडायला नको होता, होताच पडलेला.

त्यानंतर नेम फक्त देवाचा राहिला नव्हता.

शेडमध्ये प्लास्टरची पोती उघडली होती, बादल्या भरल्या होत्या. बाई माझ्याकडे बघत होत्या. आणलंत का, असं त्यांचे डोळे विचारत होते. अध्यक्ष आले, समितीचे आणखी दोघे आले. मास्तर माझ्याबरोबरच आले होते, काळा कोट घालून, ताठ. वाटेत आम्ही काहीच बोललो नव्हतो. मी बोलणं शक्यच नव्हतं, आणि ते बोलत नव्हते.

"चला मग, करू सुरुवात," अध्यक्ष म्हणाले.

मी पुढे झाले आणि पुतळा आणि प्लास्टरच्या बादल्या यांच्यामध्ये उभी राहिले.

"काकू, जरा बाजूला होता का? शिंतोडे उडतील."

मी हलले नाही. पिशवीतून तो सुयांचा गोळा काढला आणि सगळ्यांना दाखवला. मग मातीच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि माझा खांदा खाली पाडला.

"काय म्हणतायत?" एकाने विचारलं.

"खांद्याचं आहे काहीतरी," दुसरा म्हणाला.

"काकू, झालंय ना बोलणं आपलं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण पाय घाई करत होते. "प्लास्टर कालवलं की थांबता येत नाही. मास्तर, तुम्हीच सांगा बुवा एकदा. सगळ्यांसमोर सांगा. मुलगा सरळ होता ना?"

मास्तरांनी पुतळ्याकडे बघितलं.

"मास्तर?"

ते कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिले. बाईंनी बादलीतली काठी हातात घेतली होती. मला कळलं, आता वेळ नाही. मी एक श्वास घेतला. मनात देवाला हात जोडले, मुलालाही जोडले, आणि तोंड उघडलं.

"थांब."

मास्तर होते.

"तू बोलू नकोस. त्याने तुला बोलू नकोस म्हणून सांगितलंय." दारातलं ते बोलणं त्यांनी ऐकलं होतं तर. मला वाटायचं, तेव्हा ते पिशवीची पट्टी आवळत होते. "मी बोलतो. कात्री दे."

मी पिशवीतली लहान कात्री त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी कोट काढला. सगळ्यांदेखत काढला, आणि आतल्या सदऱ्याची बटणंही सोडायला लागले. "काय करताय मास्तर?" अध्यक्ष म्हणाले. मास्तरांनी कोट माझ्याकडे दिला, सदरा काढून मेजावर पसरला, खांद्याच्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं आणि एक एक टाका तोडत गेले. घाई नाही. धंद्यातला माणूस कसा उसवतो, कापडाला न दुखवता, तसंच. कापूस बाहेर काढला, माझ्या हातावर ठेवला. मग तोच सदरा पुन्हा घालून, बटणं लावून ते पुतळ्याशेजारी जाऊन उभे राहिले.

सदरा उजवीकडे ढळला. बाही मनगटाच्या खाली आली. समितीतला एक जण नकळत म्हणाला, "अरे, हा तर तराजू!"

आणि मग त्याने जीभ चावली.

"हो," मास्तर म्हणाले. "माझ्याकडूनच घेतला होता त्याने." त्यांचा आवाज नीट होता. "अध्यक्ष, मी तुम्हाला चुकीचं माप दिलं. शिंप्याने चुकीचं माप दिलं की कपडा गिऱ्हाइकाचा होत नाही. आमचा पोरगा असा होता. अशाच खांद्यावरून पाणी घेऊन वर गेला. तिथे त्याने हे काढून टाकलं होतं." त्यांनी माझ्या हातातला सुयांचा गोळा दाखवला. "आता तुम्ही ते परत घालू नका."

अध्यक्षांनी घसा खाकरला. फोटोकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. मग आपल्याच दोन्ही खांद्यांवर हात फिरवून बघितला, कुणास ठाऊक का. "बाई," ते म्हणाले, "ते प्लास्टर कालवायचं थांबवा."

"कालवलंच नाहीये अजून," बाई म्हणाल्या, आणि काठी फेकून त्यांनी तार उचलली.

मास्तरांना त्यांनी खिडकीजवळ उभं केलं. सदराही नको, म्हणाल्या. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी आमची 'पुरे आता'ची खूण केली, म्हणजे लाजणं पुरे. ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बरोबर कळली. नुसत्या गंजीफ्रॉकवर ते उभे राहिले, आणि समितीची माणसं कोपऱ्यातल्या बाकावर शाळेतल्या मुलांसारखी गप्प बसली.

तारेने मातीचा खांदा कापला जाताना मला भीती वाटली नाही. कापल्याशिवाय माप बसत नाही, हे मला कुणी सांगायला नको. बाई मास्तरांच्या मानेला हात लावायच्या, मग मातीच्या मानेला. पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. खांदा खाली आला तशी छाती किंचित फिरली, मान डावीकडे कलली, आणि ओठ न बदलता चेहऱ्यावर ते आलं, 'काय तोलायचंय ते आणा' म्हणतानाचं. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

ऊन खिडकीतून सरकत सरकत पायाशी आलं. बाई मागे झाल्या, हाताच्या पाठीने कपाळ पुसलं. "बघा काकू."

अध्यक्ष उठून उभे राहिले. "छान," ते म्हणाले, आणि या वेळी ते पुतळ्याकडे बघत होते. "हाच तो. पास."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेरची सावली बघितली. सूर्य माथ्यावर आला होता.

मी उठले, पुतळ्याच्या जवळ गेले, मग लांब जाऊन दारातून बघितलं. गल्लीच्या टोकाहून तो येताना बघायचे, तसं. मास्तर अजून खिडकीशीच उभे होते, सदरा हातात घेऊन, पॅड नसलेला. ते घालावं की थांबावं, या विचारात.

"बाई," मी म्हटलं. माझा आवाज सकाळभर न वापरलेला, जरा खरखरीत निघाला. "अजून एक बोटभर खाली."